गोल्डनडूडल घ्यायचंय? एफ१, एफ१बी, मिनी की मल्टिजेन, हे ठरवायची रीत

गोल्डनडूडल म्हणजे गोल्डन रिट्रिव्हर आणि पूडल यांचं मिश्र पिल्लू, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. ब्रीडरला फोन लावला की मात्र पहिल्याच मिनिटात एफ१, एफ१बी, एफ२बी, मिनी, मल्टिजेन असे शब्द येऊ लागतात. त्यापाठोपाठ ‘केस गळत नाहीत’ आणि ‘ॲलर्जीवाल्यांनाही चालतो’ ही दोन वाक्यं ठरलेली. घरातली मुलं फोटो बघून आधीच नाव ठरवून बसलेली असतात, आणि मोठ्या माणसांचं त्या शब्दांचा अर्थ विचारायचं राहूनच जातं.

हे कुत्रं दहा ते पंधरा वर्षं घरात राहणार आहे. म्हणून नाशिकमधल्या घरांना निवडीच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने सुचवतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. मोठेपणी अंगावर केस कसे येणार, वजन किती भरणार आणि आईबापांच्या तपासण्या झाल्या आहेत का, या तीन प्रश्नांवर सगळं अवलंबून असतं. एफ१ किंवा एफ१बी हे नाव पहिल्या दोन प्रश्नांचा फक्त अंदाज देतं. तिसऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पायरी १: विंचरायला कोण बसणार?

हा प्रश्न ब्रीडरकडे जाण्याआधी घरात सोडवा. गोल्डनचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि गळतात. पूडलचे केस वाढतच राहतात, आणि सुटलेला केस खाली पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो. डूडलमध्ये हे दोन्ही गुण एकत्र येतात. गोल्डनचा मऊ आतला थर सुटतो, पूडलच्या वळणांत अडकतो आणि त्याची जटा होते. पिल्लू लहान असताना यातलं काही जाणवत नाही. साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे केस येतात, आणि नेमक्या त्याच काळात घरच्यांचा उत्साह थोडा ओसरलेला असतो.

जटा कुठे होतात ते माहीत असू द्या: कानामागचा मऊ भाग, पुढच्या पायांची काख, पट्ट्याखालची मान, मांडीची आतली बाजू. वरवर ब्रश फिरवला तर कोट, म्हणजे अंगावरच्या केसांचा थर, छान फुललेला दिसतो. स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत घातला की तो मध्येच अडतो. तिथे बोटांनी केस बाजूला करून पाहिलं, तर कातडीला लागून नमद्यासारखा चपटा, घट्ट थर हाताला लागतो. तो भिजला की आणखी आवळतो, खालची कातडी ओढली जाते, लाल होते, आणि कुत्रं तिथे हात लावू देत नाही. ही स्थिती आली की ग्रूमरकडे सगळे केस मशीनने उतरवण्याशिवाय फारसा उपाय उरत नाही. जनावराला रोज सोसावं लागणारं हे दुखणं आहे, म्हणून यावर एवढं लिहिलं.

विंचरायची योग्य पद्धत अशी. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, एका हाताने केस वर धरायचे, खालची एकेक ओळ मुळापासून स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) मोकळी करायची आणि शेवटी त्याच जागी कंगवा घालून खात्री करायची. केस लांब ठेवायचे असतील तर आठवड्यातून तीन-चार वेळा, दाट कुरळा कोट असेल तर जवळजवळ रोज. शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमर. हे जमणार नसेल तर केस इंचभर लांबीचे ठेवायचे, असं आधीच ठरवून टाका. फोटोतला फुललेला गोळा दिसणार नाही, पण कुत्रं सुखात राहील. आणि इंचभर केसही विंचरायला कुणाला वेळ नसेल, तर डूडल घेऊ नका. आखूड केसांचं एखादं देशी पिल्लू दत्तक घ्या. इथल्या हवेला ते सरावलेलं असतं आणि तेवढाच जीव लावतं.

पायरी २: एफ आणि बी यांचं गणित

एफ१ म्हणजे एक पालक शुद्ध गोल्डन आणि दुसरा शुद्ध पूडल. प्रत्येक पिल्लात दोन्हीकडचा निम्मा निम्मा वाटा.

एफ१बी म्हणजे एफ१ची जोडी पुन्हा मूळ जातीशी लावलेली (बी म्हणजे बॅकक्रॉस). बहुतेक वेळा ती मूळ जात पूडल असते, म्हणजे सरासरी ७५ टक्के पूडल. काही जण एफ१ची जोडी परत गोल्डनशी लावतात आणि त्यालाही एफ१बीच म्हणतात. ते पिल्लू ७५ टक्के गोल्डन असतं आणि भरपूर केस गाळतं. म्हणून ‘एफ१बी आहे’ एवढ्यावर थांबू नका, ‘बी कुणाकडचा?’ हे विचारा.

एफ१बीबी म्हणजे एफ१बी आणि पूडल, सरासरी ८७.५ टक्के पूडल. एफ२ म्हणजे दोन्ही पालक एफ१. एफ२बी या नावात एकवाक्यता नाही: कुणी एफ१ आणि एफ१बी यांच्या जोडीला ते वापरतं (६२.५ टक्के पूडल), कुणी एफ२ आणि पूडल यांच्या. त्यापुढच्या पिढ्यांना, जिथे पालकही डूडलच असतात, सरसकट मल्टिजेन म्हणतात.

आता याचा केसांशी संबंध. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनातून कळलं की कुत्र्यांच्या कोटमधला बहुतांश फरक तीन जनुकांमुळे पडतो. आरएसपीओ२ मुळे दाढी, मिश्या आणि दाट भुवया येतात, एफजीएफ५ केसांची लांबी ठरवतं आणि केआरटी७१ कुरळेपणा. लांब केस दोन्ही जातींत असल्याने लांबीचा प्रश्न येत नाही. दाढी-मिश्या मात्र पूडलला असतात आणि गोल्डनला नसतात, आणि डूडलचा तो टेडीसारखा चेहरा त्यांच्यामुळेच दिसतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक आणि बापाकडून एक; या गुणाची एक प्रत मिळाली तरी चेहऱ्यावर केस येतात.

एफ१च्या प्रत्येक पिल्लाला पूडलकडून एक प्रत मिळतेच. म्हणून एफ१ची सगळी पिल्लं दाढीवाली असतात, आणि कुरळेपणाचीही एकच प्रत असल्याने कोट बहुधा लाटांचा येतो. एका विणीतली भावंडं एकमेकांसारखी दिसतात. केस थोडेफार गळतात; गोल्डनपेक्षा पुष्कळ कमी, पण गळतात.

एफ१बीमध्येही (बी पूडलचा असेल तर) सगळी पिल्लं दाढीवाली असतात. साधारण निम्मी लाटांची, निम्मी घट्ट कुरळी. केस गळणं आणखी कमी, विंचरण्याचं काम आणखी जास्त.

एफ२मध्ये खरी गंमत होते. सरासरी चारातल्या एका पिल्लाला दाढीची एकही प्रत मिळत नाही. ते पिल्लू मोठेपणी सडपातळ गोल्डनसारखं दिसतं, तोंडावर आखूड केस, आणि केस गाळतं. कुरळेपणाचंही तसंच: चारात एक सरळ, दोन लाटांची, एक कुरळं. पाच-सहा आठवड्यांच्या वयात अननुभवी माणसाला ही सगळी सारखीच गोंडस वाटतात. ‘न गळणारा’ म्हणून एफ२ घेतलेल्या घरात वर्षभराने सोफ्यावर केस दिसायला लागले, तर त्यात कुत्र्याचा दोष काही नाही.

७५ टक्के हा आकडा विणीच्या सरासरीचा आहे, हेही लक्षात घ्या. एफ१मध्ये निम्मा वाटा पक्का असतो. एफ१बी किंवा एफ२मध्ये प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला थोडं कमी-जास्त येतं, त्यामुळे एकाच विणीतली दोन भावंडं वेगळी निघू शकतात.

मल्टिजेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ब्रीडरने पालकांची डीएनए चाचणी करून दाढी, कुरळेपणा आणि केस गळण्याचं जनुक तपासून जोड्या लावल्या असतील, आणि तीन-चार पिढ्यांची नोंद कागदावर दाखवली, तर मल्टिजेनचा कोट सगळ्यांत भरवशाचा असू शकतो. तशी नोंद नसेल तर त्या शब्दाला काही किंमत नाही.

पायरी ३: आकार

पूडल स्टँडर्ड होता, मिनिएचर होता की टॉय, त्यावर डूडलचा आकार ठरतो. गोल्डन साधारण २५ ते ३४ किलोचा, स्टँडर्ड पूडल १८ ते ३२ किलोचा. या जोडीचं पिल्लू गोल्डनएवढंच मोठं होतं. मिनिएचर पूडल पाच-सात किलोचा असतो, त्यामुळे मिनी एफ१ बहुधा मधल्या वजनाचं, पंधरा किलोच्या आसपास निघतं. पुढच्या पिढ्यांमध्ये वजनाचा अंदाज ढिला होतो. ‘मिनी’ म्हणून घेतलेलं पिल्लू वीस किलोचं झालं तर नवल नाही. ब्रीडरने सांगितलेल्या आकड्यावर न थांबता दोन्ही पालकांची वजनं विचारा, जमलं तर आधीच्या विणीतल्या मोठ्या झालेल्या पिल्लांचीही.

फ्लॅट लहान म्हणून मिनी घ्यावं, हा विचार अर्धाच बरोबर आहे. पूडल आणि गोल्डन दोघेही पाण्यातून शिकार आणून देण्याच्या कामासाठी घडवलेले. डोकं तल्लख आणि अंगात दम. मिनीलाही रोज तासभर फिरणं आणि थोडं डोक्याचं काम लागतं, नाहीतर ते भुंकून आणि कुरतडून वेळ घालवतं. दिवसभर घर बंद राहणार असेल तर आकार कितीही असला तरी डूडल सुखी राहणार नाही. ते माणसांना फार चिकटून असतं.

टॉय पूडलपासून केलेली ‘पेटीट’ किंवा ‘टीकप’ पिल्लं घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. गुडघ्याची वाटी सरकणं आणि दातांची दाटी हे त्रास त्या आकारात जास्त, आणि फार लहान पिल्लांत रक्तातली साखर पटकन उतरते.

पायरी ४: ज्या नावांसाठी जास्त पैसे द्यायचे नाहीत

‘इंग्लिश गोल्डनडूडल’ म्हणजे पालक फिक्या रंगाच्या, ब्रिटिश धाटणीच्या गोल्डनचा. ती वेगळी जात नाही. ‘टेडी बेअर’ हे विक्रीचं नाव. लालसर आणि जर्दाळू रंग वय वाढेल तसे बहुधा फिके पडतात, म्हणून रंगासाठी जास्त रक्कम मोजू नका. मर्ल, म्हणजे राखाडी-ठिपक्यांचा रंग, शुद्ध गोल्डनमध्ये नसतो आणि शुद्ध पूडलमध्येही नसतो. मर्ल डूडल दाखवलं तर त्यात तिसरी जात मिसळली आहे. दोन मर्ल पालकांची जोडी लावली तर बहिरी-आंधळी पिल्लं जन्मण्याचा धोका असतो. तिथून उठून यावं.

केनेल क्लब ऑफ इंडिया गोल्डनडूडलला जात म्हणून मान्यता देत नाही. त्यामुळे ‘पिल्लाचे केसीआय पेपर्स मिळतील’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. एफ१च्या पालकांचे पेपर मात्र असू शकतात, आणि ते मागून पाहावेत.

पायरी ५: घरात ॲलर्जी असेल तर

कुत्र्याची ॲलर्जी प्रामुख्याने लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. केस त्यांना घरभर पसरवतात. केस कमी गळले तरी लाळ आणि कोंडा असतोच. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात पूडल, लॅब्राडूडल अशा ‘ॲलर्जी न होणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत यातलं प्रमुख प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. म्हणून एफ१बी घेतलं की दमेकरी आजोबांचं निभेल, असं गृहीत धरू नका.

आधी डॉक्टरांकडून ॲलर्जीची तपासणी करून घ्या. मग ज्याला त्रास होतो त्या माणसाला मोठ्या वयाच्या डूडलबरोबर बंद खोलीत तास-दोन तास बसू द्या, वेगवेगळ्या दिवशी, एकाहून अधिक वेळा. पिल्लाबरोबर बसून ही परीक्षा होत नाही. काहींना फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते; अशांना मादी चालू शकते, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणलेलं कुत्रं सहा महिन्यांनी कुणाला तरी देऊन टाकावं लागणं हे त्या जिवासाठी फार वाईट असतं.

पायरी ६: आईबापांच्या तपासण्या

‘मिश्र जात, म्हणजे आजार नाहीत’ हे वाक्य फार ऐकू येतं. संकराचा फायदा असतो, आणि तो एफ१मध्ये सगळ्यांत जास्त असतो. पण जो दोष दोन्ही जातींत आहे, त्यापासून एफ१सुद्धा वाचत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू या तीन पूडल-मिश्र प्रकारांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा ८६.६ टक्के तुलनांमध्ये आजारांच्या शक्यतेत फरक आढळला नाही. त्यात गोल्डनडूडल नव्हतं, पण दिशा कळते.

खुब्याचा सांधा नीट न बसणं, म्हणजे हिप डिसप्लेझिया, गोल्डन आणि स्टँडर्ड पूडल दोघांतही आहे. तो एक्स-रेवरच कळतो, आणि अमेरिकेतली ओएफए ही संस्था दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अंतिम दाखला देत नाही. म्हणजे दीड वर्षाच्या आईचा ‘हिप्स ओके’ दाखला अजून कच्चाच समजायचा. गोल्डनच्या कोपराचा एक्स-रेही पाहा. डोळ्यांच्या पडद्याचा पीआरए हा आजार हळूहळू आंधळेपणाकडे नेतो. त्याचा पीआरसीडी हा प्रकार गोल्डन आणि पूडल दोघांतही सापडतो, म्हणून दोन्ही पालकांची डीएनए चाचणी हवी. गोल्डनच्या बाजूने हृदयाची तपासणी आणि कातडीचे पापुद्रे सुटणाऱ्या इक्थिओसिसची चाचणी. पूडलच्या बाजूने रक्त न गोठण्याच्या व्हॉन विलेब्रांड विकाराची. स्टँडर्ड असेल तर नवजात पिल्लांच्या मेंदूच्या विकाराची, आणि मिनिएचर असेल तर गुडघ्याच्या वाटीची.

पिढीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. इक्थिओसिस व्हायला त्या दोषाच्या दोन प्रती लागतात. गोल्डन वाहक असला, म्हणजे त्याच्यात दोषाची एक प्रत असली, तरी एफ१ पिल्लाला दुसरी प्रत पूडलकडून सहसा मिळत नाही, म्हणून ते निरोगी दिसतं. तशी दोन एफ१ एकत्र आली तर एफ२मध्ये तो दोष बाहेर येऊ शकतो. म्हणूनच एफ२ आणि मल्टिजेनला चाचण्यांची गरज एफ१पेक्षा जास्त असते, आणि नेमक्या तिथेच त्या टाळल्या जातात.

कर्करोगासाठी चाचणी नाही, आणि गोल्डनमध्ये तो बराच आढळतो. पिल्लाचे आजी-आजोबा कोणत्या वयात आणि कशाने गेले, हा साधा प्रश्न विचारा. ब्रीडरला उत्तर माहीत असेल, तर तो आपल्या कुत्र्यांचा माग ठेवतो हे कळतं.

पायरी ७: ब्रीडरकडे जाणं

नाशिकहून मुंबई १७० किलोमीटरच्या आसपास, पुणे दोनशेच्या थोडं वर. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पिल्लू कधीही कुरिअरने किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवू नका, आणि ‘अर्ध्या वाटेवर कसाऱ्याला येऊन देतो’ असं म्हणणाऱ्याकडूनही घेऊ नका. पिल्लू जिथे वाढलं ती जागा आणि त्याची आई पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आईला पाहा: ती अनोळखी माणसाजवळ शेपूट हलवत येते, की कोपऱ्यात दबून बसते? पिल्लाचा स्वभाव बराचसा तिच्याकडून आणि पहिल्या आठवड्यांतल्या वागणुकीवरून घडतो.

प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. ‘इम्पोर्टेड लाइन’ म्हणून किंमत वाढवली तर कागद मागा. २०१६ मध्ये व्यापारी प्रजननासाठी परदेशातून कुत्रे आणायला बंदी घातली गेली होती.

आता पिल्लू हातात घ्या. सात-आठ आठवड्यांच्या वयात चेहरा बरंच काही सांगतो. नाकाच्या वरचा भाग, दोन डोळ्यांच्या मधला, तिथले केस बोटाने उलटे फिरवा. ते लांब होऊन उभे राहत असतील, हनुवटीखाली झुपका असेल, तर दाढी येणार. तोंड लॅबच्या पिल्लासारखं गुळगुळीत असेल तर मोठेपणी ते केस गाळणार, ब्रीडर काहीही म्हणो. मग पाठीवरचे केस बाजूला करून मुळाशी वळण आहे का पाहा. डोळे आणि कान स्वच्छ हवेत, पोट टणक फुगलेलं नको, चाल मोकळी हवी. लसीच्या कार्डावर लसीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही हवी. नुसती पेनाने लिहिलेली तारीख चालत नाही.

शेवटी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: आईबापांची माहिती, दोन-तीन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घेण्याची मुभा, आणि कधी ठेवणं अशक्य झालं तर ब्रीडर कुत्रं परत घेईल ही अट. जो ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो (घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, फ्लॅट कितव्या मजल्यावर), त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

मग कोणतं घ्यावं?

ॲलर्जी नाही, थोडे केस गळलेले चालतील आणि विंचरायला मध्यम वेळ आहे, अशा घराला मी एफ१ सुचवतो. पिल्लू कसं निघेल याचा अंदाज त्यात चांगला येतो. पाथर्डी फाट्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला मिनिएचर पूडलपासूनचं एफ१ पुरेसं आहे. सौम्य ॲलर्जी असेल आणि मोठ्या डूडलबरोबरची परीक्षा सुखरूप पार पडली असेल, तर पूडलकडे वळलेलं एफ१बी, आणि विंचरण्याची तयारी दुप्पट. डीएनए चाचणी दाखवल्याशिवाय एफ२ घेऊ नये. दिंडोरी, निफाडकडे मळ्यात घर असेल आणि कुत्रं रानात मोकळं फिरणार असेल, तर दाट कुरळा कोट टाळाच. त्याचं कारण पुढे येतंच.

नाशिकच्या हवेत डूडल सांभाळणं

पाऊस सरला की सोमेश्वर, गंगापूर धरणाकडचा भाग, चामर लेणी, पांडवलेणीचा डोंगर, सगळीकडे गवत पिवळं पडतं आणि कुसळं तयार होतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्याची रचना अशी की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगावरून ते झटकलं जातं. डूडलच्या केसांत ते शिरून बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत कातडीखाली जातं आणि तिथे पू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फिरून आल्यावर प्रत्येक पंजाची बोटं फाकवून पाहायची, कानाची पाळी उलटून पाहायची. कुत्रं एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत बसलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. या महिन्यांत पंजे आणि कानाभोवतीचे केस अगदी आखूड ठेवा. आघाडा आणि गोखरूही केसांत गुंततात, पण ते निदान दिसतात.

पावसाळ्यात ओले केस दिवसभर तसेच राहिले की जटा होतात आणि कातडीवर ओले चट्टे उठतात. टॉवेलने पुसणं पुरत नाही; ब्लोअरने मुळापर्यंत वाळवावं लागतं. आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. कान लोंबते आणि आत केस, त्यामुळे पाण्यात खेळून आल्यावर कान कोरडे करणं आलंच. गोचीड दाट कोटमध्ये दिसत नाही आणि गोचीड ताप जिवावर बेतू शकतो, म्हणून डॉक्टरने दिलेलं गोचीडविरोधी औषध वर्षभर चालू ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा केस आखूड करा, पण कातडी उघडी पडेल इतके नाही. फिरणं सकाळी लवकर आणि अंधार पडल्यावर.

आणि द्राक्षं. नाशिकच्या प्रत्येक घरात जानेवारीपासून द्राक्षांच्या पेट्या येतात, बेदाणे तर वर्षभर डब्यात असतात. कुत्र्याला द्राक्ष, मनुका, बेदाणा यांतलं काहीही देऊ नका. त्यातून कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्लं तर धोका, याचं सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. एखाद्या कुत्र्याला थोड्या द्राक्षांनीही त्रास होतो. खाल्ल्याचं कळलं तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. कांदा, कच्चा असो की भाजीतला, तांबड्या पेशी फोडतो. घरातल्या आजीला आणि कामाला येणाऱ्या मावशींना हे दोन्ही नीट समजावून सांगा, कारण प्रेमाने घास देणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

पिल्लू घरी आल्यावर

डिस्टेंपर-पार्व्हो या आजारांची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज तिसऱ्या महिन्यापासून. कोर्स पूर्ण होईपर्यंत सार्वजनिक मैदानात जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या: रिक्षाचे आवाज, भाजीबाजारातली गर्दी, मंदिरातली घंटा, लहान मुलं. चौदा आठवड्यांपर्यंत जे ओळखीचं होतं त्याची भीती पुढे कमी राहते. नसबंदीचं वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोल्डनमध्ये फार लवकर केलेल्या नसबंदीचा सांध्यांच्या त्रासाशी संबंध आढळला आहे, त्यामुळे मोठ्या आकाराच्या डूडलबाबत घाई करू नये. महापालिकेचा परवाना रेबीजच्या लसीनंतर काढून घ्या.

ब्रश आणि स्टीलचा कंगवा पहिल्याच आठवड्यात आणा आणि रोज पाच मिनिटं, खाऊ देत देत, पंजे आणि कान हाताळण्याची सवय लावा. लसी पूर्ण झाल्या की ग्रूमरकडे पहिली फेरी करा, केस कापायला नव्हे, टेबलावर उभं राहायला आणि ड्रायरचा आवाज ऐकायला. त्याच वेळी ग्रूमरला विचारून ठेवा: डूडल याआधी केलेत का, आणि पावसाळ्यात किती दिवस आधी नंबर लावावा लागतो.